जोडफोटोतला फिरोजी

"माणके, तोंडावरचा सायन उतरव की गं. माणूस जिता दिसू दे."

दस्तगीरमामांचा हा आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानामागं उभा असतो. तंबाखूनं जाड झालेला, पण मायेनं ओला. पडद्यावर कुठलाही चेहरा उघडला की आधी तो आवाज येतो, मग चेहरा.

त्या दिवशी चेहरा होता एका मिठाईवाल्या शेटजींचा. कॅलेंडरावर वर लक्ष्मी आणि खाली हात जोडलेले शेटजी. लक्ष्मी झकास जमली होती. शेटजी काही जमेनात.

"असे का दिसतायत हे, मामा?"

"कसे?"

"रंकाळ्यातनं काढल्यागत."

मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "सायन चढलाय त्यांना. उतरव, उतरव. दुकानात टांगल्यावर गिऱ्हाईक पेढा घ्यायचं सोडून हार घेऊन येईल."

कोल्हापुरातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. खिडक्यांना काळा कागद डकवलेला, मशीनला ऊन सोसत नाही म्हणून एसी कायम चालू. बाहेर वैशाख भाजून काढायचा आणि आत मी स्वेटर घालून. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, अगरबत्तीची पाकिटं, सगळ्यांचे फोटो आधी आमच्याकडं यायचे. फोटोतले रंग सुटे करायचे, पिवळा, मजेंटा, सायन आणि काळा. प्रत्येकाची वेगळी फिल्म निघायची. मग बाहेरच्या मशीनवर ते चौघं एकमेकांवर बसायचे आणि त्यांचं पुन्हा एक चित्र व्हायचं. सुटे करणं माझं काम. नीट सुटे झालेत का ते बघणं मामांचं.

चौघांत सायनवर मामांचा फार जीव आणि फार धाकही. आभाळ आणि पाणी यांच्या मधोमध कुठंतरी असतो तसा तो निळा. साडीच्या दुकानात त्याला फिरोजी म्हणतात.

"सायन म्हंजे गारवा," मामा सांगायचे. "आइस्क्रीमच्या पाकिटावर घाल, टूथपेस्टवर घाल, बघणाऱ्याला चूळ भरल्यागत वाटलं पायजे. आभाळात घाल, विहिरीत घाल. किसनदेवाच्या अंगात तर मोकळ्या हातानं घाल, देवाला कुठलं आपल्यासारखं रक्त? पर माणसाच्या तोंडाला जपून. आणि ओठाला जवळजवळ न्हाईच."

मग शेटजींची सायनची फिल्म त्यांनी उजेडाच्या टेबलावर टाकली. खालून दिवा लागला आणि काळ्या ठिपक्यांचे शेटजी काचेवर उमटले. भुवया होत्या, मिशा होत्या, कानाखालची सावली होती.

"ओठ कुठं हाईत?"

मी बघितलं. मिशांच्या खाली नुसती कोरी जागा.

"जित्या माणसाचं ओठ सायनमध्ये सापडत न्हाईत," मामा म्हणाले. "रक्त त्याला आत येऊ देत न्हाई."

कामाच्या खोलीत अशी वाक्यं रोज पडतात. मी ते ऐकलं आणि शेटजींचे गाल उतरवायला घेतले.

"लगीन ठरलं म्हणं," मामा फिल्म पाकिटात घालता घालता म्हणाले. "कन्यादानाला कोण बसणार?"

"सख्खे मामा-मामी बसतील. पण मांडवात चौरंगावर आई-बाबांचा जोडफोटो ठेवायचाय. एकच आहे. मोठा करून, नीट रंग आणून."

"आण की. माझ्याकडनं आहेर त्यो."

मी हसले. पण तो फोटो माझ्यासाठी काय होता ते मी मामांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

बाबा मी जन्मायच्या आधी गेले. त्यांना मण्यार चावली, एवढं मला माहीत होतं. शाळेत भांडण झालं की पोरी म्हणायच्या, तुला तर बापानं बघितलंसुद्धा नाही. मी घरी येऊन आईच्या पदरात तोंड खुपसायची आणि एकच विचारायची, "बाबांना मी ठाऊक होते का?"

"ठाऊक हुतं की," आई म्हणायची. "जत्रेत गेल्तो तवाच सांगितलं मी. त्याच दिवशी फोटो काढला. म्हणून तर असं बघतायत. फोटोवाल्याकडं न्हाई बघत, तुझ्याकडं बघतायत."

आणि खरंच, फोटोत बाबांची नजर जराशी खाली होती. आपण फोटो हातात धरला की ती आपल्या छातीवर यायची. लहानपणी मी फोटो खाली-वर करून माझं तोंड त्या नजरेत आणायची. पुढच्या आयुष्यात मला काही कमी पडलं असं वाटलं की त्या नजरेवर मी भागवलं. मला वडील नव्हते हे खरं. पण ज्याला मी माहीत होते असा एक माणूस होऊन गेला होता. माझ्या येण्यानं तो हसला होता. चार महिने का होईना, त्यानं माझी वाट बघितली होती. लग्नाच्या मांडवात मला तो माणूस पाहिजे होता. बाकी काही नको.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. मी तान्ही असतानाच तिनं सासरचं गाव सोडलं आणि कोल्हापूर धरलं. आजी गेल्यावर तिकडचं येणं-जाणंही संपलं. फोटो तिच्या पत्र्याच्या पेटीत असायचा, सगळ्यात तळाशी, जुन्या छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळलेला. वर्षातून एकदाच ती तो बाहेर काढायची. दाराला कडी लावून बराच वेळ बघत बसायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. भिंतीवर तिनं तो कधी लावला नाही.

मी फोटो मागितला तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला.

"लगीन लागू दे, मग ने."

"अगं, लग्नातच ठेवायचाय."

"मग हाय तसा ठेव की. काय वाईट हाय?"

"लाल झालाय, आई. सगळे रंग उडालेत. तुझं लुगडं बघ कसं दिसतंय, धुतलेल्या राखेसारखं."

"लाल कुठं? बरं दिसतंय की." ती तव्याकडं बघत म्हणाली. "तब्येत सुधारल्यागत."

मला त्या बोलण्याचं हसू आलं. मी पेटी उघडली. तिनं अडवलं नाही, पण काळं कापड सोडताना तिनं तोंड फिरवलं.

फोटोत हातांची एक खुर्ची होती. त्यात बाबा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खांद्यावरून गळ्यापर्यंत लपेटलेली शाल. एक हात खुर्चीच्या हातावर ठेवलेला. शेजारी स्टुलावर आई, अगदी खेटून. तिचा एक हात बाबांच्या पाठीमागं गेलेला, तोंड त्यांच्या कानाशी आलेलं. तिच्या अंगावर तेच लुगडं. मागं चुन्याची भिंत. सगळ्यावर एक तांबूस झाक चढलेली, आणि बाबांचा चेहरा तर आत्ताच रानातून आल्यासारखा उन्हानं फुललेला.

"लुगडं कुठल्या रंगाचं होतं गं?"

"फिरुजी. पाण्याच्या रंगाचं. तुझ्या बाबानं घेतलेलं एकच." मग तिनं माझ्या जुन्या गोधडीकडं बोट केलं. "त्यात हाय बघ एक तुकडा."

गोधडीच्या कोपऱ्यात तो होता. दोन शिवणींच्या घडीत दबून राहिल्यामुळं त्याचा रंग जसाच्या तसा. मी गोधडी पिशवीत घातली. आई चुलीशी बसून हलक्या आवाजात काहीतरी म्हणायला लागली. काम करताना ती ओव्या म्हणायचीच. पण ही मी कधी पुरी ऐकली नव्हती, पहिल्या ओळीनंतर ती नेहमी थांबायची. त्या दिवशी बहुतेक तिला वाटलं, मी गेले.

"पाण्याच्या रंगाचं गं, लुगडं माझं ओलं,
सांगायाचं ते गं, ओठामंदी ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोटो मशीनवर घातला. मामा नमाजाला गेले होते. खोलीत एसीची घरघर आणि मी.

काम सोपं होतं. त्या काळच्या रंगीत फोटोतला सायन अंधारात हळूहळू मरतो. पेटीत ठेवलेले फोटो म्हणून लाल पडतात, त्यांच्यातलं पाणी गेलेलं असतं म्हणा ना. गेलेला सायन परत घालायचा, बस्स. किती घालायचा हे कळायला खूणही होती माझ्याजवळ. गोधडी मांडीवर घेतली, तुकडा दिव्याखाली धरला आणि फोटोतलं लुगडं त्या तुकड्याशी जुळेपर्यंत सायन चढवत गेले.

राखेतून आधी एक निळसर धग निघाली. मग लुगडं ओलं झालं. मग एकदम, ओढ्याला पाणी सुटावं तसं, ते फिरोजी पडद्यावर वाहायला लागलं. काठ दिसले, निऱ्या दिसल्या. मागची भिंत तांबडी होती ती पांढरी झाली. बाबांची टोपी पांढरी झाली. आईचा चेहरा तर असा उजळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गव्हाळ गाल, लालसर ओठ, कपाळावर हे एवढं कुंकू. माझ्याएवढीच होती की तेव्हा, माझ्याहून लहानच.

मग मी बाबांकडं बघितलं.

आधी मला वाटलं, काहीतरी चुकलं. जास्त झाला सायन, शेटजींसारखं झालं. मी जरा उतरवला. बाबांच्या गालावर पुन्हा ऊन आलं, पण लुगडं राखेत गेलं, भिंत तांबडी झाली. पुन्हा चढवला. लुगडं आलं आणि बाबांच्या तोंडावरचं ऊन कुणी फुंकर मारून घालवावं तसं गेलं. कितीतरी वेळ मी तेच करत बसले. लुगडं जगवलं की बाबा जायचे. बाबांना जगवलं की लुगडं जायचं. दोन्ही काही केल्या एकत्र राहीनात.

आणि आई मधल्या मधे हसऱ्या, तजेलदार तोंडानं बसलेली. तिला काहीच होत नव्हतं. दोघं एकाच कागदावर, एकाच उजेडात. तिच्या ओठांत रक्त होतं. बाबांच्या ओठांत लुगडं उतरलं होतं.

मी चेहरा मोठा केला. ओठ पाटीच्या रंगाचे. खुर्चीवर ठेवलेल्या हाताची नखं तशीच. मी उगाच वर गेले, डोळ्यांपाशी. ती खाली झुकलेली नजर, माझी नजर. आईच्या डोळ्यात समोरच्या उघड्या दाराचा उजेड होता, दाराच्याच आकाराचा, उभा आणि चिमुकला. बाबांच्या डोळ्यात एक गोल ठिपका होता. दोन्ही डोळ्यांत सारखाच. त्याच्या कडेला ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता.

बाबांच्या डोळ्यांत दार नव्हतं.

हे मला कळलं की नाही, आठवत नाही. पडद्यावरून ते रंगवलेले डोळे माझ्या छातीकडं बघत होते, लहानपणापासून बघत होते तसेच. आणि मी मशीनला सांगितलं, फिल्म काढ.

मामा आले तेव्हा चारही फिल्मा निघाल्या होत्या. त्यांनी न विचारता सायनची उचलली, टेबलावर टाकली, दिवा लावला. भिंग डोळ्याला लावून वाकले. आईवरून भिंग सरकलं तेव्हा गुणगुणत होते. बाबांवर आलं आणि गुणगुणणं थांबलं.

मी शेजारीच उभी होते. भिंगाशिवायही दिसत होतं. आईच्या तोंडाच्या जागी कोरं. बाबांच्या तोंडाच्या जागी दोन काळे, भरलेले, स्पष्ट ओठ. जणू कुणी ते मुद्दाम काढले होते, मला दिसावेत म्हणून.

"कुठं काढल्ता ह्यो फोटो?" मामांनी वर न बघता विचारलं.

"जत्रेत. तिथल्या स्टुडिओवाल्यानं."

"जत्रेत." मामांनी भिंग खुर्चीवरच्या हाताकडं सरकवलं. "आणि वडील कधी गेले म्हणालीस?"

"त्यानंतर चार महिन्यांनी."

"आजारी हुते का?"

"नाही. ठणठणीत होते. आई म्हणते, त्या दिवशी फार हसले."

मामांनी भिंग खाली ठेवलं. रुमालानं पुसलं, पुन्हा ठेवलं. "असं कर माणके. ह्यो लालच राहू दे. मी तुला लालच छापून देतो, झ्याक, सोन्याच्या फ्रेमीत. जुना फोटो लालच शोभतो."

"मामा, ओठ दिसतायत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. या माणसानं माझी एकही चूक कधी पोटात घातली नव्हती. टिंबभर रंग हलला तरी ओरडायचे. त्या दिवशी त्यांनी नुसता टेबलाखालचा दिवा बंद केला.

"व्हय," ते म्हणाले. "दिसतायत. घरी जा आता. आणि आईवर आवाज चढवू नको."

मी एक प्रूफ घेतलं, पूर्ण सायन घातलेलं, आणि घरी गेले. ऊन अजून दारात होतं. आई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. तिच्यापुढं टरफलांचा ढीग. मी काही न बोलता प्रूफ तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं ते उचललं. आधी लुगड्यावरून बोट फिरवलं, हळूच, कापडाचा पोत लागतो का बघावं तसं. मग बोट बाबांवर गेलं आणि अंगठा त्यांच्या ओठांवर टेकला. तो तिनं उचलला नाही.

"जत्रेतला ना गं हा?" मी विचारलं.

"व्हय की." आवाज नेहमीचाच होता. "चैताची जत्रा. लई गर्दी. तुझं बाबा पाळण्यात बसलं, मी न्हाई बसले, पोटात तू. खाली उतरलं तर टोपी उडालेली. मी हसले. ते बी हसलं. मग पेढं घेतलं, अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मला..."

टोपी उडाल्याचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पेढ्याचंही नाही. ती जत्रेत एकेक दुकान नव्यानं मांडत चालली होती आणि अंगठा ओठांवर तसाच होता.

"चैत्राच्या उन्हात शाल?" मी म्हटलं.

आईनं एक शेंग उचलली. फोडली. दाणे टरफलात टाकले आणि टरफल डब्यात.

"तुझा हात कुठं आहे आई? हा, पाठीमागचा?"

"धरलंय त्यांना."

"का धरलंय?"

गल्लीतून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

"पडायलं हुतं म्हणून," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. आवाज चढवायचा नव्हता. आई बोलायला लागली तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. अंगठ्याखालच्या माणसाशी बोलत असावी.

"दवाखान्यात कितीक बघितली मी नंतर. ओठ कसं हुतात, नखं कशी हुतात. मला काय नवं न्हाई. फोटो पयला हातात आला तवा असाच हुता बघ. अस्साच. बघवला न्हाई मला. कापडात बांधून तळाला घातला. वर्षानं काढला, तर जरा बरं दिसलं तोंड. म्हटलं, डोळ्यातलं पाणी असंल. पुढल्या वर्षी आणि जरा बरं. दरसाली पेटी उघडायची, आणि दरसाली गालावर रंग चढलेला. ओठ तांबडं व्हायला लागलं. कुणाला सांगायचं? याड लागलं म्हणतील. पर मला वाटायचं माणके, येतायत. कुठनं तरी लई लांबनं चालत येतायत, सावकाश, वरसाला चार पावलं. म्हणून भिंतीवर लावला न्हाई. अंधारातच येतायत तर अंधारात येऊ देत."

तिनं अंगठा उचलला. खाली बाबांचे ओठ होते.

"आणि तू एका दुपारी परत धाडलंस."

मला रडू आलं नाही. अंगणातल्या उन्हात ती पांढरी भिंत, ते फिरोजी, ते कुंकू इतकं ताजं दिसत होतं की फोटो आत्ताच, या क्षणी, कुणीतरी काढतोय असं वाटत होतं.

"कधी गेले मग?"

"त्याच सकाळी. मण्यार हुती. झोपेत चावली, कळलं बी न्हाई त्यांना. मी शेजारी निजलेली, मला बी न्हाई. तांबडं फुटायच्या आधी उठले, पाणी तापत ठेवलं, हाक मारायला आले... आत्याबाई म्हणाल्या, पोरीचा जोडफोटो न्हाई. आता कुंकू पुसतील. त्याच्या आधी एक काढून घ्या. माझी सासू म्हणाली हे, सवताचा ल्योक समोर असताना. तिनंच मला लुगडं नेसवलं. तालुक्याचा फोटोवाला कुणाच्या लग्नाला आल्ता, त्याच्याकडं रंगीत रोल हुता. खुर्चीत बसवलं. शाल बांधली मागनं. डोळं नंतर काढून देतो म्हणाला, दिलं."

"आणि जत्रा?"

"जत्रा पुढल्या म्हैन्यात हुती. जायचं ठरलं हुतं."

कधी कधी एखादी गोष्ट पायाखालून जाते आणि आपण तरीही उभे राहतो, कारण अजून विचारायचं राहिलेलं असतं. मला एवढंच विचारायचं होतं, आणि तेच मला विचारवत नव्हतं. आईनं डबा बाजूला सरकवला. तिला कळलं होतं मी काय विचारणार ते. आयुष्यभर मी दुसरं काही विचारलंच नव्हतं.

"मग त्यांना मी ठाऊक नव्हते," मी म्हटलं.

आईनं प्रूफ उलटं केलं. मागचा कोरा कागद बघत राहिली. मग पुन्हा सुलटं केलं.

"तुझ्या आधी दोन गेली माझी," ती म्हणाली. "दोन्ही वेळंला कळल्या कळल्या त्यांना सांगितलं. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. आणि दोन्ही गेली. दुसऱ्या वेळंला त्यांनी जेवण सोडलं. मग आत्याबाई म्हणाल्या, आता खेप ऱ्हायली तर तिसरा म्हैना लागंस्तोवर तोंड उघडायचं न्हाई, नवऱ्याजवळ बी न्हाई. मी न्हाई उघडलं. लई जड गेलं. रात्री शेजारी निजायचं आणि गप ऱ्हायचं. त्या रात्री म्हटलं, झालं, आता सकाळी सांगायचं. पाणी तापत ठेवलं तवा बी तेच मनात. काय शब्दानं सांगू, आधी हसू का आधी सांगू."

"म्हणजे नाहीच सांगितलंस."

"सांगितलं."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. लहानपणापासून माझी असलेली ती नजर तिच्या मांडीवर, उन्हात पडली होती.

"सांगितलं मी. तुझ्याशी खोटं बोलले त्ये जत्रेचं. फोटोवाला म्हणाला, आता हलू नका बाई. मी हलले न्हाई. त्यांच्या कानाशी तोंड हुतंच माझं. नुसतं म्हटलं, अवो, ऐकताय न्हवं... आपल्याला तिसरा म्हैना लागलाय."